अंगदच्या नावाचा रस्ता

८ डिसेंबर, रविवार

ही डायरी शालूनं आणून दिली. म्हणाली, "तात्या, त्या माणसाला ज्या शिव्या द्यायच्यात त्या हिच्यात द्या. पोरीसमोर देऊ नका. ती शाळेत जाऊन तेच बोलायलीय, बाईनं मला बोलावून घेतलं." शालू माझी सून. बदनापूरला राहती, जालन्याला ऑफिसात कामाला हाय, रविवारी पोरीला घेऊन आष्टीला आमच्याकडं येती. अंगदच्या माघारी सरकारनं तिला नोकरी दिली.

तर पहिल्या पानावर हेच लिहितो. मच्छिंद्र, तुझा मुडदा बशिवला.

बरं वाटलं. सगळी जिंदगी एस.टी. चालवली, लॉगशीट सोडून कधी काही लिहिलं न्हाई. पण आता लिहितो, कारण बोलायला लागलो की माझी बायको सगुणा उठून आत जाती आणि बीपी वर चढतो.

माझा पोरगा अंगद इथल्या ठाण्याला फौजदार होता. अडीच वर्षांखाली बोरखडीच्या वळणावर त्यानं वाळूचा हायवा, मोठा डंपर, अडवला. हायवा थांबला. अंगद समोर जाऊन उभा राह्यला आणि थांबलेला हायवा परत सुरू झाला. ड्रायव्हर जेलात हाय. पण त्याच्या बाजूला बसून "घाल अंगावर" म्हणणारा मालक, हा मच्छिंद्र, तो जामिनावर. म्हणतो मी त्या गाडीत नव्हतोच. कोर्टानं अट घातली की निकाल लागेस्तोवर परतूर तालुक्यात पाय ठिवायचा न्हाई, कारण साक्षीदार इथलेच हायेत. त्याला काय फरक पडतो? जालन्यात बंगल्यात बसून हितल्या वाळूच्या गाड्या चालवून राह्यला.

आज वाटूरला गेल्तो. नवा रस्ता झालाय, वाटूर फाट्यापासून आष्टीपर्यंत, एकदम गुळगुळीत. फाट्यावर कुणीतरी म्हणालं, तात्या, या रस्त्याला साहेबाचं नाव द्यायला पाहिजे. तो चहा पिऊन निघून गेला, मी मात्र तिथंच बसलो. मच्छिंद्राचं गाव बोरखडी, बराबर या रस्त्याच्या मधोमध. त्याच्या आईला बाजाराला यायचं तर अंगदच्या नावावरून. त्याच्या लेकराला शाळेत जायचं तर अंगदच्या नावावरून. आणि एक दिवस त्याला चौघं उचलून नेतील तवा बी अंगदच्या नावाखालून.

आता दुसरं काही सुचंना.

१९ डिसेंबर, गुरुवार

बांधकाम खात्यात जाऊन आलो. साहेब चांगला वागला. म्हणाला, मोठी तीन गावं लागतात, वाटूर, आष्टी आणि बोरखडी. तिघांचे ग्रामसभेचे ठराव आणा, मी पुढं पाठवतो. वाटूर आणि आष्टीची काळजी न्हाई, दोन्ही सरपंच म्हणाले आणा कागद. राह्यली बोरखडी.

सगुणाला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, "त्यानं घराला नावाची पाटी लावू दिली न्हाई. म्हणायचा, आई, पोस्टमनला घर माहीत हाय."

मी म्हणालो, ही पाटी त्याच्यासाठी न्हाईच मुळी. तिनं माझ्याकडं बघितलं आणि परत ज्वारीत हात घातला.

२९ डिसेंबर, रविवार

बोरखडीला तिसऱ्यांदा गेलो. सरपंच कारभारी, माणूस वाईट न्हाई पण पाठीला कणा न्हाई. चहा पाजतो, पोराची आठवण काढतो, डोळे पुसतो, आणि ठरावाचं नाव काढलं की अंगणातल्या म्हशीकडं बघतो. शेवटी म्हणाला, "तात्या, निम्मं गाव त्याच्या गाड्यावर हाय. ग्रामसभेत हात वर कोण करंल?"

"तू कर की."

"मी करतो हो. पण एकट्याच्या हातानं ठराव होत न्हाई."

येताना वळणावर पुष्पाबाईच्या हॉटेलात थांबलो. पत्र्याचं खोपट, चहा आणि भजी. तिनं त्या राती मच्छिंद्राला केबिनात पाह्यलेलं हाय. तिनं आणि आदिनाथनं, जो समोरच्या पंपावर रखवालीला होता. साक्षीदार म्हणून हे दोघंच. तिनं चहा दिला, पैसे घेत न्हाई ती माझ्याकडून. म्हणाली, "तात्या, कोर्टाचं बोलावणं कधी येणार?" मी म्हणालो येईल. मला रस्त्याचं बोलायचं होतं, पण तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बायांना यातलं काही समजत न्हाई.

९ जानेवारी, गुरुवार

जालन्याला तारीख होती. काही झालं न्हाई. मार्चपासून साक्षी सुरू होतील म्हणाले. कोर्टाच्या बाहेर शालू आणि मी पेरू खाल्ले. तिनं एक तारीख चुकवलेली न्हाई, रजा टाकून येती, मागच्या बाकावर बसती, कुणाशी बोलत न्हाई.

मी तिला बोरखडीचं सांगितलं. ती म्हणाली, "तात्या, रस्त्याचं मागून बघा. आधी पुष्पाबाई आणि आदिनाथची साक्ष होऊन जाऊ द्या. तोवर त्या गावात काही हलवू नका."

"का हलवू नको? माझ्या पोराचं नाव हाय."

"माझ्या बी नवऱ्याचं हाय," ती म्हणाली.

राग आला. तिला फक्त शिक्षा पाहिजे, जेल. जेलात तो काय, चांगलं खाऊन-पिऊन राहील. मला त्याची मान खाली गेलेली बघायचीय, दिवसा, चार माणसांत. हे तिला समजत न्हाई आणि मी समजावून बी सांगणार न्हाई.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सकाळी कारभारी तिळगूळ घेऊन दारात. मी म्हणालो बस. तो इकडं तिकडं बघत म्हणाला, "तात्या, निरोप हाय. रागाला जाऊ नका."

निरोप मच्छिंद्राचा. तो गावाला सांगतो, ठराव एका दिवसात होईल. बोर्ड बी तोच करून आणतो, लोखंडी खांबावर, मोठा. त्याचं एकच म्हणणं, बोर्ड उघडायच्या दिवशी त्याला हजर राहू द्यावं. एक दिवस तालुक्यात यायची परवानगी त्याचा वकील कोर्टात मागंल, फक्त मी हरकत न्हाई म्हणून लिहून द्यावं.

आधी वाटलं कारभाऱ्याच्या तोंडावर तिळगूळ फेकून मारावा. शिव्या आल्त्या जिभेवर. मंग एकदम समोर चित्र आलं. अंगदचं नाव वर, आणि हा खाली, सगळ्या गावासमोर, हात जोडून. त्यानंच करून आणलेला बोर्ड. देवानं माझ्याच हातात आणून दिलं की. दात ओठ खात जन्म काढला असता तरी एवढं मिळालं नसतं.

कारभाऱ्याला म्हणालो, सांग त्याला, तात्या तयार हाय.

सगुणा दारात उभी होती. तिनं कारभाऱ्याला तिळगूळ दिला न्हाई, तो हात पुढं करून तसाच उभा राह्यला.

१७ जानेवारी, शुक्रवार

सरकारी वकिलीणबाईचा फोन आल्ता. "काका, असलं काही लिहून देऊ नका. अट कशासाठी घातली ते तुम्हाला माहीत हाय ना?" मी म्हणालो, बाई, एक दिवसाचाच प्रश्न हाय. ती म्हणाली, एका दिवसात लई काही होतं. मी म्हणालो, होऊ द्या, मला तेच पाहिजे.

सही केली. शालूला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर तिनं अडवलं असतं.

२६ जानेवारी, रविवार

बोरखडीची ग्रामसभा. झेंडा झाला, पोरांचं गाणं झालं, मंग कारभाऱ्यानं ठराव वाचला. हात वर करा म्हणायची देरी, सगळे हात वर. मागच्या महिन्यात जी माणसं मला बघून गल्ली बदलत होती त्यांचे हात सगळ्यात उंच. मी एकेकाचं तोंड बघत होतो. हसू यायलं होतं, दाबून धरलं.

त्याच्या एका शब्दावर हात वर झाले हे मला समजतं. समजू दे. त्याच्याच शब्दानं त्याच्याच गावात अंगदला आणला. याच्यापरीस मोठी चपराक कोणती?

मला आज जेवण गोड लागलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सगळं लिहून ठेवतो, एक बी गोष्ट सुटली न्हाई पाहिजे.

बोरखडीच्या वळणावर मांडव. रस्त्याच्या कडंला बोर्ड, भगव्या कापडानं झाकलेला. वाटूर, आष्टी, बोरखडी, तिन्ही गावची माणसं. ठाण्यातून संपत आला, वर्दीत. तो त्या राती अंगदबरोबर नाकाबंदीवर होता, पण पलीकडच्या टोकाला; त्याला फक्त हायव्याच्या लाइटी दिसल्या. संपत मांडवात आला न्हाई, गाडीजवळ उभा राह्यला.

शालू आली न्हाई. तिला परवानगीचं कुठून तरी समजलं. फोनवर एवढंच म्हणाली, "तुम्ही सही केली?" मी हो म्हणालो. तिनं फोन ठेवला.

मच्छिंद्र आला. पांढरे कपडे. वजन वाढलंय मेल्याचं. लोक उठून उभे राह्यले, मी बसूनच. कारभाऱ्यानं दोरी माझ्या हातात दिली. मी म्हणालो, यालाच ओढू दे. त्यानं ओढली. कापड खाली आलं. शहीद पोलीस उपनिरीक्षक अंगद तातेराव ढोबळे मार्ग. अक्षरं वीतभर मोठी. खाली बारीक अक्षरात सौजन्य म्हणून मच्छिंद्राचं नाव, गावासकट. मी मनात म्हणालो, लिहून दिलंस बेट्या, तूच.

मंग सत्कार. ताटात कुंकू, टोपी, टॉवेल, नारळ. कारभारी एकेकाला द्यायला लागला. मच्छिंद्राची पाळी आली तवा मी उठलो. म्हणालो, ह्याचा मी करतो. तो माझ्याहून हातभर उंच. मी कुंकू घेतलं आणि तसाच उभा राह्यलो, हात वर केला न्हाई. मला त्याच्यापर्यंत पोचायचं नव्हतं, त्यानं खाली यायला पाहिजे होतं. त्याला समजलं. त्यानं मान वाकवली. अंगदच्या नावापुढं, माझ्यापुढं, वाकवली. मी अंगठा त्याच्या कपाळात असा रुतवला की त्याचे डोळे मिटले. टोपी घातली, टॉवेल टाकला, नारळ हातात आदळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोबाइलवर फोटो काढले.

अडीच वर्षांत एवढं गार वाटलं नव्हतं. खोटं कशाला लिहू.

सगुणा मधूनच उठून चालत निघून गेली. पुष्पाबाई तिच्या खोपटाच्या दारात झारा हातात घेऊन उभी होती, कढईतली भजी जळाली तरी तिचं ध्यान न्हाई. संध्याकाळी सगुणाला म्हणालो, बघितलं का कसा वाकला. ती म्हणाली, "मला तुमचा हात दिसला. कुंकवाचा."

२३ फेब्रुवारी, रविवार

लोक लई मान द्यायलेत. न्हावी दाढी करता करता म्हणाला, "तात्या, लई मोठं मन केलं तुम्ही." कारभारी रस्त्यात पाया पडला. बोरखडीचे दोन म्हातारे मुद्दाम घरी आले, चहा पिले, म्हणाले, बरं झालं, किती दिवस चालणार होतं असं. मी म्हणालो, चालणारच, अजून निकाल बाकी हाय. ते एकमेकाकडं बघून हसले, जसं काही मी मजाक केली.

शालू आली न्हाई. पोरीला बी पाठवलं न्हाई.

संपत ठाण्याच्या दारात भेटला. आधी वाकून पाया पडायचा. आज "काय तात्या" म्हणाला आणि आत गेला. साहेबाच्या नावाचा एवढा मोठा बोर्ड लागला आणि याचं तोंड असं. जळतात माणसं, दुसरं काय.

४ मार्च, मंगळवार

आदिनाथ फिरला.

शपथ घेऊन म्हणाला, अंधार होता, केबिनात दुसरं कुणी होतं का मला दिसलं न्हाई. सरकारी वकिलीणबाई विचारून थकली. तो खाली बघूनच बोलत राह्यला. मच्छिंद्र बाकावर बसून मोबाइल बघत होता.

मी उठून आदिनाथचं नरडं धरणार होतो, पोलिसानं बसवलं. कितीला विकला गेला असंल हरामखोर. शालू मागच्या बाकावरून उठली, माझ्या बाजूनं गेली, थांबली न्हाई. मी हाक मारली. ती माघारी फिरून म्हणाली, "आता एकटी पुष्पाबाई राह्यली. पुढच्या बुधवारी. तात्या, तुम्ही तिच्याकडं जाऊ नका. काहीच करू नका." आणि रिक्षात बसली.

ती मला असं बोलली. माझ्या पोराची बायको मला असं बोलली. आदिनाथला जिवंत सोडत न्हाई.

६ मार्च, गुरुवार

शालूचं ऐकलं न्हाई. पुष्पाबाईकडं गेलो. मनात होतं की तिला दम द्यायचा, तू बी पैसे घेतले का विचारायचं.

दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. तिनं चहा दिला आणि पहिल्यांदाच पैशासाठी हात पुढं केला. तिथंच मला धसका बसला. मी विचारलं, "बुधवारी येणार ना?"

"आले तरी काय सांगू, तात्या?"

"जे पाह्यलं ते. मच्छिंद्रानं काय दिलं तुला? धमकी दिली का?"

"त्यानं काही दिलं न्हाई अन् काही म्हणला बी न्हाई. त्याला म्हणायची गरजच ऱ्हाईली न्हाई." ती माझ्यासमोर बाकड्यावर बसली. "तुम्ही मिटवलं की."

"मी? मी मिटवलं?"

"मंग काय केलं? भावकीत डोकी फुटतेत, खून पडतेत. मंग एक दिवस घरचं मोठं माणूस उठतं, समोरच्याला कुंकू लावतं, टोपी-टॉवेल घालतं, नारळ देतं. चार माणसं बघतेत. झालं, मिटलं. त्याच्यामागं जो उकरून काढील तो वाईट. आपल्यात असंच हाय का न्हाई?"

असंच हाय. माझ्या बापानं बांधाचं भांडण असंच मिटवलं होतं, मी बाजूला ताट धरून उभा होतो. मला काय हे माहीत नव्हतं? पण त्या दिवशी मला फक्त त्याची वाकलेली मान दिसत होती. मी म्हणालो, "अगं, मी त्याला खाली बघायला लावलं. सगळ्या गावासमोर वाकवलं त्याला."

"तुमच्या मनातलं कुणाला दिसतं, तात्या? कुंकू लावून घ्यायला समदेच वाकतेत. नवरदेव बी वाकतो." ती रागानं बोलत नव्हती, त्यानं जास्त लागलं. "आदिनाथनं पैसे घेतले न्हाईत. तो म्हणला, बापानं माफ केलं, मी कशाला वैर घेऊ. अन् मी तर हितंच ऱ्हाती, एकटी. रोज त्याचेच ड्रायव्हर चहा पितेत. अडीच वर्षं मी तुमच्या जिवावर उभी होते. तुम्हीच खाली बसले."

मी विचारलं, "आता काय करू?"

"जसं चारचौघात जोडलं तसं चारचौघात मोडा. तुमच्या मनात न्हाई, गावासमोर. मंग मी बोलते."

"मोडू कसं? तो तालुक्यात न्हाई. दिलेला नारळ माघारी कुणाकडून घेऊ?"

तिनं हॉटेलातून बाहेर बघितलं. समोर बोर्ड. वर अंगद, खाली तो.

७ मार्च, शुक्रवार

दिवसभर जेवलो न्हाई. दुसरा रस्ता हाय का याचा विचार करून राह्यलो. नुसतं खालचं त्याचं नाव रंग लावून मिटवलं तर? लोक म्हणतील टारगट पोरांनी केलं. ग्रामपंचायतीत जाऊन सांगितलं तर? कारभारी चहा पाजंल. पेपरात दिलं तर बोरखडीत पेपर कोण वाचतं.

पहिल्यांदा आज मला त्या बोर्डाची माया आली. लावला तवा मला त्याच्यावरचं नाव दिसलंच नव्हतं बहुतेक, त्याच्याखालचा माणूस दिसत होता. काल येताना वाचलं, नीट, एकेक अक्षर. अंगद तातेराव ढोबळे. शाळेच्या दाखल्यावर मीच लिहून दिलं होतं ते.

सगुणाला सगळं सांगितलं. वाटलं आता बोलंल. सही केली तवापासूनचं सगळं बाहेर काढंल. ती म्हणाली, "पाना कुठाय तुमचा?"

"कोणता पाना?"

"एस.टी.तला. माळ्यावर पेटी हाय का बघा. बोल्ट मोठे हायेत त्याचे, मी बघून आलेय."

कधी बघून आली, मी विचारलं न्हाई.

९ मार्च, रविवार

बाजाराचा दिवस. दहाच्या सुमाराला गेलो, बोरखडीची सगळी माणसं रस्त्यावर असतेत तवा. सगुणा बरोबर. तिनं खुर्ची आणली होती घरची, मी खुर्चीवर चढलो. लोक थांबायला लागले. आधी वाटलं असंल साफ करायला आलाय म्हातारा.

पहिला बोल्ट निघाला तवा कारभारी पळत आला. "तात्या, काय करायलात? साहेबाचं नाव हाय ते."

मी वरूनच बोललो, जेवढा आवाज होता तेवढा लावला. "ऐका सगळे. मच्छिंद्रानं माझा पोरगा मारला. मी त्याला कुंकू लावलं ते मिटवायला न्हाई लावलं, खुन्नस म्हणून लावलं. ती माझी चूक. पण तुम्ही मिटलं समजले. तर मिटलेलं न्हाई. मी दिलेला नारळ माघारी घेतला, त्याचा बोर्ड मला नको. ज्या पाटीवर माझ्या पोराच्या खाली त्याचं नाव हाय ती पाटी मला नको. आजपासून वैर हाय. बोरखडीनं बघून ठिवा."

तिसरा बोल्ट गंजलेला, निघंना. महिन्याभरात गंज, असला भंगार माल लावला होता नालायकानं. सगुणानं खालून बाटलीतलं गोडंतेल दिलं. चौथा निघाला आणि बोर्ड खाली आला, माझ्या हातून निसटला, डांबरावर आदळला. आवाज लई मोठा झाला. अंगदच्या नावाला ओरखडा पडला. मी खुर्चीवरून उतरलो, सगुणानं हात धरला.

पुष्पाबाई दारात होती. हात पदराला पुसले आणि आत गेली.

कारभाऱ्यानं तक्रार दिली. द्यावीच लागती म्हणाला, सरकारी मालमत्ता. संपत आला जीप घेऊन. पंचनामा केला, बोर्ड जप्त केला, मला ठाण्यात नेलं. त्यानं लिहिलेलं मला वाचून दाखवलं. घटनेचं ठिकाण म्हणून त्यानं त्या रस्त्याचं पूर्ण नाव लिहिलं होतं, बोर्डावर होतं तसं, शहीदपासून मार्गापर्यंत. मी म्हणालो, अरे पण नाव तर मी काढलं. तो म्हणाला, "बोर्ड काढला तात्या तुम्ही. ठराव तसाच हाय." सही करायला पेन दिला. संध्याकाळी सोडलं.

१२ मार्च, बुधवार

पुष्पाबाई आली. नवं लुगडं नेसून, बसनं, एकटी. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई.

सरकारी वकिलीणबाईनं विचारलं, त्या राती केबिनात ड्रायव्हरबरोबर कोण होतं. तिनं बोट केलं. "ह्यो. मच्छिंद्र. मी त्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून चहा देते. हायवा थांबला तवा ह्यानं काच खाली केली अन् म्हणला, घाल अंगावर. मी ऐकलं."

मंग त्याचा वकील उठला. फोटो काढला मोठा केलेला. माझा, कुंकवाचा हात त्याच्या कपाळावर. वकील म्हणाला, "बाई, हे कोण?"

"तात्या."

"मयताचे वडील. काय करायलेत ते?"

"कुंकू लावायलेत."

"म्हणजे दोन्ही घरचं मिटलेलं होतं. तुम्हाला माहीत होतं."

"व्हतं. मिटलं व्हतं." ती थांबली. "रविवारी मोडलं. भर बाजारात, पोराच्या नावाचा बोर्ड स्वतःच्या हातानं उतरवून मोडलं. समद्या गावानं बघितलं. अन् मिटलं काय, मोडलं काय, मी जे पाह्यलं ते तेच हाय."

वकील अजून बराच वेळ विचारत राह्यला. ती जागची हलली न्हाई. मच्छिंद्रानं मोबाइल खिशात ठिवला होता. त्याचा रंग उतरलेला मी डोळे भरून बघितला. वाटलं होतं थंड वाटंल. वाटलं बी, पण थोडंसंच, आणि लगेच अंगद आठवला, पहिल्यांदा वर्दी घालून आरशासमोर उभा राह्यलेला, टोपी बराबर हाय का असं मला विचारणारा. इतके दिवस तो मला असा आठवतच नव्हता. आठवला की हायवाच समोर यायचा.

बाहेर शालू उभी होती. मी तिच्यापाशी गेलो आणि म्हणालो, "बाई, मी चुकलो." तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली. निकाल कधी लागंल, काय लागंल, देवाला माहीत. पण आज ती माझ्याबरोबर एकाच रिक्षात बसली.

स्टँडवर संपतचा फोन आला. म्हणाला, "तात्या, बोर्डाचं सांगायचं होतं. मुद्देमाल आम्ही मागच्या आवारात ठिवत असतो. पण तिथं तो हायवा उभाय, त्याच केसमधला, जप्त केलेला. त्याच्या बाजूला साहेबाचं नाव ठिवायला कुणाचे हात धजंनात. म्हणून आत ठिवलाय, साहेबाच्या जुन्या टेबलामागं, भिंतीला टेकवून. केस संपेस्तोवर तिथंच राहील."

स्टँडवरच्या बाकड्यावर बसून रडलो, लहान पोरागत, माणसं बघत होती तरी. शालूनं विचारलं, काय झालं, कुणाचा फोन होता.

मी म्हणालो, काही न्हाई. अंगद ठाण्यात हाय.